नवमीला उचललेली आयुधं

पहाटे धुकं इतकं दाट उतरलं होतं की परसातली विहीर दिसत नव्हती, नुसती कप्पी कुरकुरताना ऐकू येत होती. पाऊस परतीला लागलेला, भाताच्या लोंब्या वाकलेल्या, आणि हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटलेली. दसऱ्याच्या सुमाराला गोव्यातल्या पेडण्यात सकाळ अशीच असते. आधी गार ओल, मग एकदम चावरं ऊन, आणि दुपार कलली की घाटाच्या बाजूनं गडगडाट. भात कापणाऱ्याला ही हवा वाईट. छापलेली शाई वाळवणाऱ्याला तर वैरीण.

सुमंगलानं पाणी भरलं, पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला तशी फाटकावर जाऊन पाव घेतले, चहाचं आधण ठेवलं आणि मगच छपाईच्या खोलीकडे वळली. एरवी डोळे उघडले की ती आधी तिकडे जाते. आज मुद्दाम रेंगाळली होती. आदल्या संध्याकाळी छापून ठेवलेलं वाळलं असेल की नाही, ते बघायचा धीर होत नव्हता.

तिनं काय छापलं होतं ते सांगितलं की गावात लोक हसतात. बर्फावरून घसरायच्या लांबट फळ्या असतात, स्की म्हणतात त्यांना. त्या फळीच्या पाठीवर प्लॅस्टिकची पातळ कातडी असते आणि त्या कातडीवर चित्र. ती कातडी सुमंगला छापत होती. पेडण्यात बर्फ बघायचा तर मासळीच्या पेटीत. बाजारात बांगडे विकणारी सुविधा तिला दर खेपेला विचारायची, "गो सुमंगल, तुज्यो फळयो माज्या बांगड्यांवयसून घसरतल्यो काय?" सुमंगलाही हसायची. पण गेल्या हिवाळ्यापासून तिचं हसणं तोंडातल्या तोंडातच राहत होतं.

कारण त्या फळ्या तिच्या लेकीच्या पायात जायच्या होत्या.

गौरवी कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिराला हिमालयात गेली आणि तिथली होऊन बसली. हिवाळ्यात पर्यटकांना स्की शिकवणाऱ्या एका शाळेत ती मदतनीस होती; परीक्षा पास झाली की शिक्षक होणार होती. परीक्षेला आपल्या फळ्या आपण आणायच्या. विकतच्या परवडण्यासारख्या नव्हत्या, म्हणून देवेशनं त्या बनवायच्या ठरवल्या. देवेश चोपडं गावचा, गौरवीचा शाळेपासूनचा दोस्त. हरमलच्या किनाऱ्यावर परदेशी लोकांच्या लाटांवरच्या फळ्या दुरुस्त करता करता तो फायबर आणि चिकटवायचा गम यांत मुरला होता. नदीकाठी त्याच्या बापाची होड्यांची शेड आहे, तिथं त्यानं लाकूड, फायबर आणि पोलादी कडा एकावर एक ठेवून दाबणारा साचा उभा केला. राहिली वरची कातडी. ती गौरवीच्या आईकडे आली.

आईला ते काम येत होतं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत तिनं उमेदीची वर्षं काढली होती, यंत्रांच्या बटणांवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या छापण्यात. तिथं गडहिंग्लजकडची रंजना तिच्या शेजारच्या मेजावर असायची. तिनं हिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "हितं समदं उलटं. आरशात बघून कुकू लावतीस न्हवं, तसं." चित्र प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला छापायचं, म्हणजे ओरखडा पडला तर तो प्लॅस्टिकला पडतो, चित्राला नाही. त्यासाठी चित्र उलटं घ्यायचं आणि रंगांचा क्रमही उलटा. दुसरीकडे जी रेघ शेवटी येते ती इथं आधी, आणि दुसरीकडे जो पांढरा आधी येतो तो इथं सगळ्यांच्या मागून. त्या पांढऱ्यावर मग गम बसतो आणि कातडी फळीला धरून राहते.

कारखान्यातली ती छपाई बंद झाली तेव्हा सुमंगलानं घरी मेज मांडलं. नवरा विठ्ठल तारवटी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. घरात ती आणि सासरे. गोकुळदास मेस्त. एके काळी शापोरा नदीत चालणाऱ्या अर्ध्याअधिक होड्या त्यांच्या हातच्या होत्या. आता गुडघे गेलेत, पण सुनेचं लांबलचक मेज आणि स्क्रीनच्या, म्हणजे छपाईच्या जाळ्यांच्या, फणसाच्या लाकडाच्या चौकटी त्यांनीच करून दिल्या. स्कीला ते "पायांतल्यो होडयो" म्हणत. नातीसाठी दोन होड्या, एका पायात एक.

गेल्या वर्षी पहिली जोडी झाली. गौरवीनंच चित्र काढलं होतं, देवळाच्या भिंतीवर असते तसली कावी नक्षी, पांढऱ्यावर तांबडी वेल. फोटो आले, कौतुक झालं. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी उतारावर उजव्या स्कीची कातडी पुढच्या टोकाला, नाकाशी, उचकटली. ओला बर्फ आत शिरला, फायबर फुगून उघडलं, फळी मुरडली आणि गौरवी खडकाच्या बाजूला फेकली गेली. मनगट मोडलं. खडक हातभर अलीकडे असता तर काय मोडलं असतं, ते घरात सगळ्यांना कळत होतं.

तेव्हापासून घरात आणि शेडीत एकच प्रश्न होता. कातडी उचकटली का? देवेश म्हणायचा, गम माझा चोख होता काकी, शाईचं काय ते बघा. ती म्हणायची, शाई चोख आहे बाबा, तुझा गम बघ. दोघंही नरमाईनं बोलायची आणि दोघांनाही रात्री झोप नव्हती. वर्षभर तिनं तुकड्यांवर छापून पाहिलं, देवेशनं चिकटवून पाहिलं. पकडीत धरून ओढलं तर प्लॅस्टिक फाटायचं पण सुटायचं नाही. एकही तुकडा उचकटला नाही. सुमंगलाला नेमकी त्याचीच धास्ती होती. चूक सापडली असती तर ती टाळता आली असती. न सापडलेली चूक पुन्हा तिथंच बसलेली असते.

आणि गौरवी फोनवर म्हणाली होती, "आये, ह्या वर्सा नाय झाला तर शाळावाले माका ठेवचे नाय. तू छाप. मी चढतलंय त्यांच्यार."

तू छाप, मी चढतलंय. हे वाक्य घेऊनच सुमंगलानं काल कातड्या छापल्या होत्या.

देवेश दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेनं उत्तरेत जाणार होता, फळ्या सोबत घेऊन. गम साच्यात रात्रभर दाबून राहायला हवा. म्हणजे कातडी आज, नवमीला, त्याच्या हातात पडायला हवी होती.

तिनं खोलीचं दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबली. मेज ओळखू येत नव्हतं. एका टोकाला समई, रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, फुलांची माळ, धुपाचा धूर. गोकुळदासांची लाकूड तासायची वाकस, करवत, पटाशा, रंधा ओळीनं मांडलेले, खोबऱ्याच्या तेलानं लखलखणारे. त्यांच्या पुढं तिच्या दोन लांब स्क्रीन, तिची शाई ओढायची स्क्वीजी, रबराची कड तेलानं चमकणारी. आणि मधोमध, पांढरं अंग वर करून, कालच्या दोन कातड्या. त्यांच्या नाकांवर हळदकुंकवाची बोटं.

सासरे शेवटचं फूल वाहत होते. खंडेनवमीला आयुधं पुजायची, ही मेस्तांच्या घरात न सांगता होणारी गोष्ट. हत्याराला तेलाचा हात द्यायचा, कुंकू लावायचं आणि दसरा उजाडेपर्यंत त्याला विसावू द्यायचं. घरात जे कामाचं असेल ते सगळं पूजेत. सून छापते, तर छापायचं सामानही आयुधच.

"वाळली गो तुजी कातडी," ते खुशीत म्हणाले. "हात लावन बघितलंय. चौरीकडसून."

सुमंगला जवळ गेली. शाई खरंच वाळली होती. तिला एकदम हलकं वाटलं, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यानं फुलानं पाणी शिंपडलं. थेंब कातडीवर पडले. मधल्या भागात ते पसरले, बसले. नाकाशी मात्र अळवाच्या पानावर पडावेत तसे गोळा होऊन घरंगळले.

ती वाकली. कुंकवाच्या बोटाभोवती तेलाची चकती उमटली होती. कडेला अंगठ्याचे ठसे, पुढं आणखी ठसे, चारी बाजूंनी. वाकसेला तेल देऊन त्याच हातानं त्यांनी कातड्या उचलून मांडल्या होत्या.

तिला गेल्या वर्षीची नवमी आठवली. तेव्हाही कातड्या पूजेत होत्या. दसऱ्याला देवेश न्यायला आला तेव्हा नाकावर लाल डाग होते आणि तिनंच ते कोरड्या फडक्यानं पुसले होते, पांढऱ्यावर तांबडं दिसू नये म्हणून. कुंकू निघालं. तेल कुठं जाणार? नाकाशीच राहिलं. तुकड्यांवर वर्षभर जे सापडलं नाही ते सापडायचं कसं, तुकड्यांची कुणी पूजा केली नव्हती.

बाहेर देवेशची व्हॅन येऊन थांबली. तो आत आला, मेज बघून थबकला आणि मग तिच्या नजरेच्या रोखानं त्याचीही नजर नाकाशी गेली. तो गमाचा माणूस, तेलावर गम धरत नाही हे जाणणारा. त्याला सांगावं लागलं नाही.

"काकी," तो म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्सा थंय..."

"देवेश, विहिरीवयसून पाणी हाड रे बाल्दीभर," सुमंगला म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाल्दी घेऊन निघून गेला.

तिनं एका रद्दी कातडीच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला. कालचाच पांढरा बोळ्याला लागून आला. म्हणजे तेल पुसावं तर शाई निघणार, आणि शाई राखावी तर तेल राहणार. प्लॅस्टिकची आणखी एकच जोडी कपाटात होती, कोरी. ती आत्ता छापायला घेतली, ऊन आहे तोवर वाळवली, तर संध्याकाळपर्यंत चोपड्याला पोचेल. पण स्क्रीन पूजेत. स्क्वीजी पूजेत.

ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. पदर खोचला, पुन्हा सोडला.

"बाबा, माका स्क्रीन होयी. आताच."

गोकुळदासांनी उदबत्ती खोचता खोचता नकाराची मान हलवली. आज आयुधाला हात लागायचा नाही, हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते फार बोललेही नाहीत. फक्त त्यांच्या चुलतभावाचं सांगितलं, जे तिनं अनेकदा ऐकलं होतं. गिऱ्हाइकाच्या घाईपायी त्यानं नवमीला वाकस उचलली आणि पहिल्याच घावाला पायाची दोन बोटं गेली. चोपड्याच्या धक्क्यावर तो लंगडा म्हातारा सगळ्यांनी पाहिलेला.

"मशीन नाय ता, देव आसा आज," ते म्हणाले. "एक दीस रवलंस म्हणान तुजा काय जाता? फाल्या छाप."

"फाल्या देवेशाक साचो बंद करून मिळाचो नाय. गाडी चुकतली."

"चुकूंदे. नातीच्या होडयेर देवाचो हात पडलोहा. आनी काय होया तुका?"

देवाचा हात कुठं पडलाय तेच तर ती बघत होती. एक वाक्य पुरेसं होतं. तुमच्या बोटानं पोर पडली. ते म्हातारं माणूस गौरवीचं मनगट मोडल्याचं कळल्यावर आठवडाभर नीट जेवलं नव्हतं. हे वाक्य ऐकून ते परत जेवेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. आणि गप्प राहावं, तर आजचा दिवस हातातून जात होता. खिडकीबाहेर, म्हणजे ते ज्याला जनेल म्हणत त्याच्या गजांतून, धुकं फाटून ऊन उतरायला लागलं होतं. हे ऊन दुपारपर्यंतचंच.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "ह्याका तेल लागला. गम बसाचो नाय."

एवढंच.

गोकुळदास उदबत्ती हातात धरूनच मेजाकडे आले. पंचपात्रीत बोट बुडवून त्यांनी एक थेंब कातडीच्या मध्यावर सोडला, एक नाकावर. दोन्ही थेंबांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी जन्मभर होड्यांच्या फटींत राळ भरली होती. तेलकट लाकडाला राळ धरत नाही, हे त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला कान धरून शिकवलं होतं. आज कान धरायला कुणी नव्हतं.

त्यांनी उदबत्ती खोचली. तांदळाचे दाणे हातात घेतले, डोळे मिटून काही पुटपुटले, अक्षता मेजावर टाकल्या आणि पूजा मांडलेल्या पाटाला हातानं किंचित हलवलं. देवाला उठवताना हलवतात तसं. ते दसऱ्याला करायचं, त्यांनी आज केलं. सुमंगला पुढं झाली तर त्यांनी तिला कोपरानं मागं सारलं.

"थांब. पयलो हात माजो." त्यांनी वाकस उचलली, छातीशी धरली आणि बाजूला ठेवली. "काय येवचा ता माज्यार येवंदे. आता घे तुजा."

तिनं वेळ घालवला नाही. देवेशनं आणलेल्या पाण्यात साबण घालून स्क्वीजी धुतली, स्क्रीन धुतल्या, मग स्पिरिटनं पुसल्या, मग पुन्हा. आपले हात नखांपर्यंत घासले. मेजावरची फुलं, समई, हत्यारं सगळं देवेशनं ओसरीवर नेलं. कोरी जोडी काढताना तिनं तिला कडेनं, कागदात धरून उचललं, गरम तव्याला धरतात तसं.

तांबड्याची स्क्रीन आधी. ही छपाई उभ्यानं एका जागी होत नाही. फळी माणसाहून लांब, म्हणून स्क्वीजी दोन्ही हातांत तिरकी दाबून मेजाच्या कडेनं मागं मागं चालत यायचं, एका दमात, एकाच जोरानं. मध्ये थांबलं की तिथं आडवी रेघ, जोर हलला की तिथं डाग. जाळी उचलल्यावर कळतं, तेव्हा परत फिरणं नसतं. कोरी जोडी एकच होती.

पहिली कातडी नीट उतरली. वेलीची पानं, कळ्या, सगळं उलटं पण स्वच्छ. दुसरी लावली, शाई ओतली, स्क्वीजी टेकवली आणि चालायला लागली.

सासरे दाराशी कदेलावर, आपल्या खुर्चीवर, बसले होते. ती अर्ध्यावर आली असेल, तेव्हा ते म्हणाले,

"गेल्या वर्साय नाकारच सुटली न्हय गो ती?"

सुमंगलाचे हात तापले, तळवे घामानं घसरतात की काय असं झालं. ती थांबली नाही. एक पाऊल मागं, आणखी एक. दंडातली शीर थरथरायला लागली तसा तिनं खांदा खाली घातला आणि जोर धरून ठेवला. मेजाचं टोक आलं. तिनं स्क्वीजी उचलली, जाळी उचलली. वेल सलग होती.

मग ती त्यांच्याकडे वळली.

"व्हय. नाकार."

म्हातारा तिच्याकडे बघत होता. तिला खोटं बोलता आलं असतं. गमाचा दोष म्हणाली असती तर देवेशनंही मान डोलावली असती, तो पोरगा तसा आहे. पण जो माणूस थेंब टाकून बघतो त्याच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो.

"तेल तुमी लावलास," ती म्हणाली. "कुंकू दिसला तसा मी सुक्या फडक्यान पुसलंय आनी तशीच दिलंय. तुमका ठावक नाय होता. माका ठावक आसाक होया होता. छापतंय मी, तुमी न्हय."

गोकुळदास उठले, भिंतीला धरत धरत विहिरीवर गेले आणि हात धुवायला बसले. साबण लावून, काथ्यानं घासून, पुन्हा साबण लावून. देवेश त्यांच्याकडे जायला निघाला तर सुमंगलानं त्याला अडवलं. काही गोष्टी माणसानं एकट्यानं धुवायच्या असतात, असं काही तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त आता देवेशचे हात हवे होते.

कारण पूर्वेला ढग जमायला लागले होते, बरेच लवकर.

पांढरा घालण्याआधी तांबडा वाळायला हवा होता. केस वाळवायचं यंत्र चालू केलं आणि वीज गेली. दसऱ्याच्या तोंडावर पेडण्यात वीज जाणं यात नवल काही नाही, पण देवेशनं एक शिवी हासडलीच. खोलीतली हवा भिजलेली, पंखा बंद, शाई बोटाला चिकटतेय. परसात वाळत घालावं तर धूळ, पाखरं, पाचोळा. सुमंगला अंगणात येऊन इकडेतिकडे बघायला लागली आणि तिची नजर व्हॅनवर गेली. सकाळपासून काचा बंद करून उन्हात उभी होती ती. तिनं दार उघडून आत हात घातला. भट्टी.

मागची आसनं काढलेलीच होती. देवेशनं आत दोऱ्या बांधल्या आणि दोन्ही कातड्या चिमट्यांनी लांबवर टांगल्या, एकमेकींना लागणार नाहीत अशा. दार बंद केलं. तिघंही अंगणात उभी राहून एका बंद गाडीकडे बघत राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, आत कोण आहे. देवेश म्हणाला, व्हंकल, न्हेसता. नवरी आहे, साडी नेसतेय. गोकुळदासांच्या तोंडावर हसू आलं नाही, पण त्यांनी मान वळवली.

तांबडा वाळला. पांढरा घातला. पांढऱ्याला जाळीभर शाई लागते, हात भरून येतात, आणि आता आभाळ गुरगुरत होतं. परत गाडीत. ऊन ढगाआड गेलं, आलं, पुन्हा गेलं. सुमंगला दर थोड्या वेळानं रद्दीच्या तुकड्यावरचा पांढरा नखानं बघत होती, कारण खऱ्या कातडीला आता बोटही लावायचं नव्हतं. नख रुतायचं थांबलं तेव्हा पहिले टपोरे थेंब अंगणातल्या धुळीत पडले. देवेशनं चाक हातात घेतलं. कातड्या टांगलेल्याच, गाडी चालवणारा त्यांच्या पुढ्यात मान वाकवून.

"हीय न्हे," सुमंगला म्हणाली आणि जोडीबरोबर त्याच शाईनं छापलेली रद्दीची एक लांब पट्टी कागदात गुंडाळून दिली. "फळयांवांगडा साच्यात घाल. फाल्या आमी ओढून बघतलों."

"आनी सुटली तर?"

"सुटली तर तू एकटो जातलस. फळयो हंय रवतल्यो."

तो गेल्यावर ती ओसरीवर बसली. गौरवीचा फोन आला तो तिनं घेतला नाही. काय सांगणार होती? सासऱ्यांनी रात्री अर्धी भाकरी टाकली, सुमंगलानंही. देव्हाऱ्यापुढं जाताना त्यांनी वाकस पुन्हा जागेवर मांडली होती, पण तेल दिलं नव्हतं.

दसऱ्याला ती स्कूटर काढत होती तेव्हा गोकुळदास धोतर सावरून फाटकाशी उभे. गुडघ्यांमुळे ते कित्येक महिन्यांत घराबाहेर पडले नव्हते. "मी येतंय," ते म्हणाले, आणि मागं बसले. त्यांच्या हातात त्यांची जुनी पकड होती. रस्त्यावर आपट्याच्या फांद्या घेऊन माणसं चालली होती. भरती होती, नदी शेडीच्या पायरीपर्यंत आली होती.

देवेशनं साचा उघडला होता. कडा अजून घासायच्या होत्या, गमाचे ओघळ तसेच, पण दोन फळ्या लाकडी घोड्यावर आडव्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर तांबडी वेल सुलटी झाली होती. सुमंगलानं तिकडे नीट पाहिलंही नाही. तिला पट्टी हवी होती.

देवेशनं ती शिकंज्यात आवळली. एक टोक पटाशीनं थोडं उचकवून ठेवलं, धरायपुरतं. त्यानं हात पुढं केला तर म्हाताऱ्यानं त्याला बाजूला केलं.

"सर बाजूक."

त्यांनी टोक पकडीत धरलं. हात म्हातारे, पण मनगटं अजून होड्या करणाऱ्याची. त्यांनी ओढलं. प्लॅस्टिक ताणलं, पांढुरकं झालं. त्यांनी पाय रोवला, पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. काहीतरी करकरलं. सुमंगलाला वाटलं, सुटली. तिनं डोळे मिटले नाहीत, मिटायचे होते तरी.

कातडी फाटली. पकडीत बोटभर चिंधी आली, आणि तिच्या खालचा पांढरा लाकडावर जसाच्या तसा होता. गोकुळदासांनी दुसरीकडून धरलं, मग मध्यातून. ते ओढत राहिले. एकेक चिंधी शेडीच्या जमिनीवर पडत गेली आणि पांढरा हलला नाही.

"आजोबा, पुरो आता," देवेश हळूच म्हणाला. "धरल्यान."

त्यांनी पकड खाली ठेवली. धापा टाकत होते. मग फळ्यांकडे गेले, नाकाशी वाकले, आणि हात पुढं करून मध्येच थांबले. सवयीनं. हात मागं घेतला आणि पाठीमागं बांधून नुसतं बघत राहिले.

"तिका सांग," ते देवेशला म्हणाले, "नवमी मोडून केलेल्यो आसत. सांबाळून घसर म्हणा."

गौरवीला फोन लावला तेव्हा सुमंगलानं एवढंच सांगितलं की फळ्या येताहेत. तिकडून पोरगी काल फोन का घेतला नाही म्हणून भांडली, मग आजोला दे म्हणाली. आजोनं फोन कानाला लावला, उलटा. देवेशनं तो सुलटा करून दिला.

घरी परतेपर्यंत ऊन वर आलं होतं. कोकम सरबताच्या कारखान्यातून तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचे, अमोलचे, निरोप येऊन पडले होते, लेबलं कधी देणार, बाटल्या उघड्या बसल्यात. सुमंगलानं पावाचा तुकडा चहात बुडवून उभ्या उभ्या खाल्ला. पांढऱ्याची स्क्रीन कालपासून तशीच राहिली होती, जाळीत शाई घट्ट झालेली. ती बाल्दी आणि ब्रश घेऊन विहिरीच्या धोंडीवर बसली आणि जाळी घासायला लागली.